इंजिनाच्या उष्णतेचा ताळेबंद

पेट्रोल असो वा डिझेल, इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या एकूण उष्णतेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा जेमतेम एक-तृतीयांश असतो. साधारण तेवढीच उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली सिलिंडरच्या भिंतींतून पाण्यात, तेलात व सभोवतालच्या हवेत उतरते. हा शेवटचा वाटा वेळीच बाहेर नेला नाही, तर तेल पातळ होऊन वंगण नाहीसे होते, पिस्टन प्रसरण पावून सिलिंडरमध्ये आवळला जातो आणि इंजिन जागच्या जागी जाम होते. रस्त्यावरील मोटार अशा वेळी कडेला उभी करता येते. समुद्रातल्या नौकेला आणि आकाशातल्या विमानाला अशी कडा नसते.

सिंधुदुर्ग जिल्ह्याला यांपैकी नौकेचा परिचय पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मालवण, सर्जेकोट, देवबाग, वेंगुर्ले, देवगड या भागांतील मच्छिमार कुटुंबांचा संसार आज यांत्रिकी नौकांवर चालतो आणि इंजिनाचा ताप हा तेथील रोजच्या बोलण्यातला विषय आहे. विमानाचा परिचय मात्र त्या मानाने अलीकडचा. परुळे-चिपी येथील विमानतळाचे उद्‌घाटन 9 ऑक्टोबर 2021 रोजी झाले आणि तेव्हापासून जिल्ह्यातील शिक्षकांना वर्गात नव्या प्रकारच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागत आहे. विमान उडते कसे, हा त्यांतला पहिला प्रश्न. त्याचे इंजिन तापत नाही का, हा दुसरा. आणि तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा असूनही पाठ्यपुस्तकांत त्याला फारशी जागा मिळत नाही. प्रवासी विमानाच्या जेट इंजिनाची कथा वेगळी आहे. येथे विचार करावयाचा आहे तो पिस्टनच्या इंजिनावर चालणाऱ्या लहान विमानांचा, त्यातही कारखान्याबाहेर, एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या हिकमतीवर उभारलेल्या विमानांचा.

महाराष्ट्राला अशा प्रयत्नाचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांना पाहावयास मिळाले, 2017 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली आणि 2020 साली धुळे येथील धावपट्टीवर त्याची चाचणी-उड्डाणे झाली. गच्चीवर विमान बांधणे ही बातमी झाली. परंतु बांधण्यापासून उडण्यापर्यंतचा जो काळ जातो, त्यात बातमी होण्याजोगे फारसे नसते. तो काळ मोजमापाचा असतो. पंखांवरचा भार, पंख्याचे फेरे, इंधनाचा खप आणि इंजिनाचा ताप या सर्वांच्या नोंदी कराव्या लागतात, आणि महासंचालनालयाची परवानगी या नोंदींवरच अवलंबून असते.

विमानाच्या पिस्टन इंजिनांत दोन घराणी आहेत. एक सरळ हवेने थंड होणारे, ज्याच्या सिलिंडरवर पातळ धातूच्या पट्ट्यांची झालर असते. दुसरे पाण्याने किंवा पाणी व ग्लायकॉल यांच्या मिश्रणाने थंड होणारे. राईट बंधूंनी 17 डिसेंबर 1903 रोजी ज्या विमानातून 12 सेकंदांचे पहिले उड्डाण केले, त्याचे चार सिलिंडरचे, सुमारे 12 अश्वशक्तीचे इंजिन पाण्याने थंड होणारे होते. आपल्या देशात बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने विकसित केलेल्या ‘हंसा’ या दोन आसनी विमानाच्या रोटॅक्स इंजिनात दोन्ही पद्धतींचा मेळ आहे. सिलिंडरचा खालचा भाग हवेने आणि माथ्याचा भाग द्रवाने थंड होतो. या विमानाच्या नव्या आवृत्तीने 3 सप्टेंबर 2021 रोजी पहिले उड्डाण केल्यानंतर 2022 च्या आरंभी ते मुद्दाम पुदुच्चेरी येथे नेण्यात आले आणि समुद्रसपाटीवरील चाचण्या तेथे घेण्यात आल्या. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. किनाऱ्यावरची दाट हवा, इंजिनाची तेथे मिळणारी पूर्ण शक्ती यांचा अनुभव पठारावर घेता येत नाही. मालवणच्या किनाऱ्याचा या विषयाशी संबंध पोहोचतो तो येथे.

घरी विमान बांधणाऱ्याची अडचण अशी की त्याचे इंजिन पुष्कळदा दुसऱ्याच कामासाठी जन्मलेले असते. मोटारीचे इंजिन विमानात बसविण्याचे प्रयोग जगभर होतात. मोटारीत त्या इंजिनासाठी कारखान्याने योजलेला रेडिएटर समोरच्या जाळीमागे ऐसपैस उभा असतो. विमानात तो कोठे बसवावा, किती मोठा असावा, हवा कोठून आत घ्यावी व कोठून बाहेर सोडावी, हे सारे बांधणाऱ्याला स्वतः ठरवावे लागते. शिवाय मोटारीचे इंजिन पूर्ण शक्तीवर क्वचितच आणि थोडाच वेळ चालते. विमानाचे इंजिन उड्डाणापासून पुरेशी उंची गाठेपर्यंत पूर्ण शक्तीवर, आणि सपाट उड्डाणातही बहुतेक वेळ तीन-चतुर्थांश शक्तीवर चालते.

काटा काय सांगतो?

वैमानिकासमोरच्या फलकावर पाण्याचे तापमान दाखविणारा काटा असतो. सपाट उड्डाणात तो 85 अंश सेल्सिअसवर स्थिर राहिला, की शीतनाची व्यवस्था उत्तम आहे असा समज होतो. हा समज फसवा आहे. इंजिन व रेडिएटर यांच्या दरम्यान थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. पाणी थंड असेल तर ती मिटलेली राहते, तापू लागले की थोडी थोडी उघडते आणि रेडिएटरकडे जाणारा प्रवाह वाढवीत जाते. ही झडप अर्धवट उघडी आहे तोपर्यंत काटा जागेवरून हलत नाही. मग रेडिएटर गरजेच्या दुप्पट असो की जेमतेम पुरणारा असो, दोहोंचा काटा 85 अंशच दाखवील. ग्रामपंचायतीच्या टाकीतून नळाला पाणी येत आहे एवढ्यावरून टाकीत किती पाणी शिल्लक आहे हे समजत नाही, तसाच हा प्रकार आहे.

शिल्लक कळते ती झडप पूर्ण उघडल्यावर, म्हणजे चढाईत. चढताना इंजिन सर्वांत जास्त उष्णता सोडते आणि विमानाचा वेग मात्र कमी असल्यामुळे रेडिएटरमधून हवा सर्वांत कमी वाहते. परीक्षा घ्यावयाची ती या अवस्थेची. येथे आणखी एक फसगत संभवते. इंजिनाचा धातू आणि आतील पाणी यांना तापण्यास वेळ लागतो. समजा, इंजिनाचे वजन 90 किलो आहे व त्यात 5 लिटर शीतक द्रव आहे. या सर्वांचे तापमान एक अंशाने वाढविण्यासाठी सुमारे 80 किलोज्यूल उष्णता लागते. रेडिएटर गरजेपेक्षा 8 किलोवॅटने कमी पडत असला, तर आरंभी तापमान दहा सेकंदांत एक अंश, म्हणजे मिनिटाला सहा अंश या गतीने वाढेल. दोन मिनिटांची चढाई करून विमान खाली उतरविले, तर काटा फार तर दहा-बारा अंश वर गेलेला दिसेल आणि सारे ठीक आहे असे वाटेल. तीच चढाई आठ मिनिटे चालू ठेवण्याचा प्रसंग आला, तर खरी परिस्थिती उघड होते; पण ती आकाशात उघड होते. म्हणून तापमान वाढावयाचे थांबून स्थिर होईपर्यंत, किंवा मर्यादेजवळ येईपर्यंतची नोंद मिनिटामिनिटाने ठेवणे ही या मोजमापातील पहिली शिस्त होय.

जमा आणि खर्च

रेडिएटरने किती उष्णता बाहेर टाकली याचा हिशेब शालेय पदार्थविज्ञानातील एकाच सूत्रावर उभा आहे. दर सेकंदाला वाहणारे पाणी, पाण्याची विशिष्ट उष्णता आणि आत येताना व बाहेर जातानाच्या तापमानांतील फरक, या तिहींचा गुणाकार करावयाचा. उदाहरणच घ्यावयाचे तर रेडिएटरमधून मिनिटाला 60 लिटर, म्हणजे सेकंदाला एक लिटर पाणी वाहत आहे. ते 92 अंशांना आत शिरते व 84 अंशांना बाहेर पडते. फरक 8 अंशांचा. विशिष्ट उष्णता 4.18 धरली तर उत्तर येते सुमारे 33 किलोवॅट. अश्वशक्तीत सांगावयाचे तर 45 अश्वशक्तीएवढी उष्णता त्या लहानशा पेटीतून हवेत जात आहे. पाण्याऐवजी पाणी व ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण असेल, तर एक लिटर द्रव एका अंशाला सुमारे 3.7 किलोज्यूलच उष्णता वाहतो, आणि तोच 8 अंशांचा फरक 30 किलोवॅटहून किंचित कमी उष्णता दर्शवितो. मिश्रण कोणते होते याची नोंद नसेल, तर हिशेबात एकदम दहा टक्क्यांहून अधिक चूक शिरते.

सूत्र सोपे, परंतु मोजणी नाजूक. आठ अंशांच्या फरकात एका अंशाची चूक झाली तर उत्तर आठव्या हिश्शाने चुकते. म्हणून दोन तापमापक दोन वेगळ्या दुकानांतून आणून नळ्यांवर चिकटपट्टीने बांधणे उपयोगाचे नाही. तापमापकाचे टोक वाहत्या द्रवात बुडालेले असले पाहिजे. नळीच्या बाहेरून बांधलेला तापमापक वाऱ्याच्या झोतात खोटे बोलतो. दोन्ही तापमापक प्रथम वितळत्या बर्फात व मग उकळत्या पाण्याच्या एकाच भांड्यात धरून त्यांतील आपसांतला फरक लिहून ठेवावा. त्यानंतर एक चाचणी झाल्यावर त्यांची अदलाबदल करून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. दोन्ही वेळा उत्तर सारखे आले, तरच त्यावर विसंबता येते.

पाण्याचा प्रवाह मोजणे त्याहून कठीण. प्रवाहमापक बसविला तर तोच प्रवाहाला अडथळा करतो. यावर जमिनीवरचा एक जुना उपाय आहे. रेडिएटरची परतीची नळी सोडवून मोठ्या पिंपात धरावयाची, दुसऱ्या पिंपातून इंजिनाला पाणी पुरवावयाचे आणि ठरावीक फेऱ्यांवर किती सेकंदांत किती लिटर पाणी जमते ते पाहावयाचे. पंप इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालत असल्याने तीन-चार वेगवेगळ्या फेऱ्यांवरचे आकडे मिळाले की त्यांचा आलेख काढता येतो आणि उड्डाणातील प्रवाह त्या आलेखावरून वाचता येतो. मात्र पिंपातील पाण्याची पातळी व नळ्यांची उंची मूळ व्यवस्थेसारखीच ठेवावी लागते. अन्यथा पंपाला कमी ओझे पडून आकडा फुगतो.

हवेच्या बाजूचे दोष

पाण्याने सोडलेली उष्णता हवेने उचलली पाहिजे. वरील 33 किलोवॅट उष्णता घेऊन हवा 30 अंशांनी तापत असेल, तर सेकंदाला सुमारे 1.1 किलो, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर हवा रेडिएटरमधून वाहावयास हवी. ती वाहते की नाही, हे पाहण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकविलेली पारदर्शक प्लॅस्टिकची नळी आणि तीत रंगीत पाणी, एवढ्यावर काम भागते. नळीचे एक तोंड रेडिएटरच्या पुढे आणि दुसरे मागे जोडले, की दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक पाण्याच्या उंचीच्या रूपाने दिसतो. ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला समोरून येणाऱ्या हवेपासून मिळू शकणारा दाब सुमारे 45 मिलिमीटर पाण्याइतका असतो. ताशी 150 किलोमीटरला तो 100 मिलिमीटरपर्यंत जातो. वेग दीडपट, दाब सव्वादोनपट. बांधणाऱ्याचे भांडवल एवढेच. त्यातील किती रेडिएटरच्या तोंडापर्यंत पोहोचते आणि किती वाटेत वाया जाते, हे नळी दाखविते.

घरी बांधलेल्या विमानांत ज्या तक्रारी आढळतात, त्यांचे निदान बव्हंशी येथे होते. इंजिन तापू लागले की पहिला विचार मोठा रेडिएटर आणण्याचा सुचतो. वस्तुतः पुष्कळदा दोष रेडिएटरचा नसून वाटेचा असतो. रेडिएटरच्या पुढचा दाब अपेक्षेपेक्षा कमी भरला, तर हवा आत येण्याच्या मार्गात खोट आहे. तोंड लहान आहे, किंवा मार्ग इतका एकाएकी रुंदावला आहे की हवा भिंती सोडून भोवऱ्यात अडकते, किंवा रेडिएटरच्या कडेच्या फटींतून ती निसटते. पुढचा दाब चांगला असूनही मागचा दाब जवळजवळ तेवढाच असेल, तर हवेला बाहेर पडण्यास जागा नाही. अशा विमानात दुप्पट आकाराचा रेडिएटर बसविला तरी काटा फारसा खाली येत नाही, वजन आणि खर्च मात्र वाढतो. बाहेर पडण्याचे तोंड थोडे मोठे करणे किंवा त्यावर उघडझाप करता येणारी झडप लावणे, हा तेथे खरा उपाय ठरतो.

बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान ही आणखी एक बोलकी खूण आहे. हवा पाण्याच्या तापमानाच्या जवळपास तापून बाहेर येत असेल आणि तरीही इंजिन तापत असेल, तर रेडिएटर आपले काम करीत आहे, हवाच अपुरी आहे. उलट हवा भरपूर आणि थंडच बाहेर येत असेल, तर ती पट्ट्यांना न भिडता निसटत आहे, किंवा रेडिएटर आतून गाळाने धरला आहे. एकाच लक्षणाची दोन कारणे आणि त्यांवर परस्परविरुद्ध उपाय. मोजल्यावाचून त्यांतील निवड करणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

या वाटेचा अभ्यास पुढे कोठवर गेला, याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. फार्नबरो येथील ब्रिटिश संशोधक एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी 1935 च्या सुमारास असे दाखवून दिले की, रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या हवेचा वेग आधी कमी करून दाब वाढविला आणि तापलेली हवा मागे निमुळत्या तोंडातून वेगाने सोडली, तर रेडिएटरमुळे होणारा अडथळा बऱ्याच अंशी भरून निघतो. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर व मस्टँग या विमानांच्या रचनेत या तत्त्वाचा उपयोग झाला. मस्टँगच्या पोटाखाली दिसणारा फुगवटा तो हाच. घरी बांधलेल्या विमानात एवढी कमाई करण्याची अपेक्षा बाळगू नये. पण वाट नीट आखली तर तोटा निश्चित कमी होतो.

मे महिन्याची कसोटी

आता हवामानाचा प्रश्न. थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असताना, इंजिनाची शक्ती व विमानाचा वेग तोच राहिल्यास, रेडिएटर पाण्याला बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी वर ठेवतो. हवा एक अंशाने तापली की पाणीही जवळजवळ एक अंशाने तापते. म्हणून पाणी किती अंशांवर गेले हा आकडा एकटा निरर्थक आहे. पाणी बाहेरच्या हवेपेक्षा किती अंश वर गेले, हा आकडा नोंदवावयास हवा. जानेवारीतील पहाटे 20 अंशांच्या हवेत चढाई केली आणि पाणी 98 अंशांवर स्थिर झाले, तर फरक 78 अंशांचा झाला. तेच विमान मे महिन्यात दुपारी 35 अंशांच्या हवेत चढू लागले, तर पाणी 113 अंशांवर जाईल. जानेवारीत उत्तीर्ण झालेले विमान मे महिन्यात नापास होऊ शकते, आणि ते आधी कागदावर कळू शकते. विमान चढत असताना बाहेरची हवा दर हजार फुटांना सुमारे 2 अंशांनी थंड होत जाते. म्हणून हवेचे तापमान धावपट्टीवर एकदा पाहून चालत नाही, त्या त्या उंचीवर नोंदवावे लागते.

पाणी 113 अंशांवर उकळणार नाही का, ही शंका रास्त आहे. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंगची झडप असते. ती 0.9 बार एवढा जादा दाब धरून ठेवीत असेल, तर समुद्रसपाटीवर साधे पाणी 118 अंशांच्या आसपास उकळते. दहा हजार फुटांवर बाहेरचा दाबच 0.7 बारपर्यंत उतरतो, म्हणून तेथे तेच झाकण पाण्याला सुमारे 113 अंशांपर्यंतच आवरू शकते. झाकण गळके असेल, तर त्या उंचीवर पाणी 90 अंशांनाच उकळू लागेल. किरकोळ किमतीच्या या वस्तूची परीक्षा हवेच्या पंपाने व दाबमापकाने जमिनीवर घेता येते, आणि ती घेतली गेलीच पाहिजे.

किनारपट्टीवर दमट हवेविषयी एक समजूत रूढ आहे. दमट हवेत इंजिन जास्त तापते, असे सांगितले जाते. माणसाच्या बाबतीत ते खरे आहे, कारण माणूस घामाच्या बाष्पीभवनाने थंड होतो आणि दमट हवेत घाम वाळत नाही. रेडिएटरला घाम येत नाही. 33 अंश तापमान आणि शेकडा 75 आर्द्रता असलेली हवा त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा शेकडा दीडने हलकी असते. पण तीतील बाष्प उष्णता अधिक धरून ठेवीत असल्यामुळे तेवढी तूट भरून निघते. दमटपणाचा जाच रेडिएटरला होत नाही. किनाऱ्यावर त्याचा खरा शत्रू आहे मीठ. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर खाऱ्या वाऱ्याचा थर बसतो, त्यावर धूळ चिकटते, धातू पांढरा पडून भुगा होऊ लागतो आणि पट्टी व नळी यांचा सांधा सुटतो. बाहेरून रेडिएटर शाबूत दिसतो. उष्णता मात्र पट्टीपर्यंत पोहोचत नाही. गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुणे एवढाच यावर साधा इलाज आहे.

नौकेचा हिशेब

समुद्रातील नौकेत हवेची जागा समुद्राचे पाणी घेते. मोठ्या नौकांवरील डिझेल इंजिनांची मूळ रचना पुष्कळदा जमिनीवरील वाहनांच्या इंजिनांसारखीच असते. रेडिएटरऐवजी तेथे आतील गोडे पाणी व बाहेरचे खारे पाणी यांच्यात उष्णतेची देवघेव करणारे नळकांडे, किंवा नौकेच्या तळाशी बाहेरून बसविलेल्या नळ्या असतात. लहान होड्यांवरील आऊटबोर्ड यंत्रात खारे पाणी सरळ इंजिनातूनच फिरते आणि त्याची एक बारीक धार बाहेर पडते. धार दिसली की खलाशी निर्धास्त होतो. परंतु धार एवढेच सांगते की पंप चालू आहे. आतील वाटा क्षाराने किती धरल्या आहेत, हे धारेवरून कळत नाही. खारे पाणी 55-60 अंशांच्या वर तापले की क्षार बसण्याची गती वाढते, आणि बसलेला क्षार पुन्हा तापमान वाढवितो.

हवेच्या मानाने समुद्राचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. त्यामुळे नौकेला मे महिन्याची भीती नाही. पण तळाशी शिंपले व इतर कवचधारी जीव चिकटणे, पाणी ओढण्याच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी बसणे, पंपाचे रबरी पाते झिजणे ही संकटे तिला आहेत. ती हळूहळू येतात, म्हणूनच ती वहीत आधी दिसतात. ठरावीक फेऱ्यांवर अर्धा तास चालल्यानंतर आतील गोड्या पाण्याचे तापमान, समुद्राचे तापमान आणि बाहेर टाकलेल्या पाण्याचे तापमान असे तीन आकडे आठवड्यातून एकदा लिहून ठेवले, तर दोन महिन्यांत चित्र उभे राहते. बाहेर पडणारे पाणी पूर्वीपेक्षा गरम होऊ लागले, तर पाणी कमी येत आहे: पंप पाहावा, तोंड पाहावे. बाहेर पडणारे पाणी पूर्वीइतकेच असून इंजिन तेवढे गरम होत चालले, तर देवघेवीच्या पृष्ठभागावर थर बसला आहे: नळकांडे उघडून साफ करावे. तळाशी बाहेरून नळ्या असलेल्या नौकेत बाहेर टाकलेले पाणी नसतेच. तेथे नळ्यांत जाणाऱ्या व परतणाऱ्या गोड्या पाण्यातील फरक पाहावा लागतो. पावसाळी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, तेव्हा नेमके काय दुरुस्त करावयाचे हे वही उघडून ठरविता येते. ऑक्टोबरात खोल समुद्रात, जाळे पाण्यात असताना ते ठरवावे लागणे महागात पडते.

शाळेतील प्रयोग

मालवण येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि अशा संस्थांतून या मोजमापाची साधने सहज जुळविता येतात. तथापि माध्यमिक शाळेतही हा विषय प्रत्यक्ष दाखविता येतो. ज्या गावात वाहत्या पाण्याने थंड होणारा पाच अश्वशक्तीचा डिझेल पंप अद्याप चालू आहे, तेथे एक बादली, एक घड्याळ आणि प्रयोगशाळेतील दोन तापमापक एवढी सामग्री पुरते. इंजिन अर्धा तास भाराखाली चालू द्यावे. थंड करून बाहेर पडणारे पाणी बादलीत धरून मिनिटाला किती लिटर भरते ते मोजावे. शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान घ्यावे. मिनिटाला 5 लिटर पाणी येऊन ते 10 अंशांनी तापत असेल, तर साडेतीन किलोवॅट उष्णता पाण्यावाटे जात आहे. एक लिटर डिझेल जळून सुमारे 10 किलोवॅट-तास उष्णता मिळते. तासाला एक लिटर डिझेल लागत असेल, तर दहातील साडेतीन पाण्यात गेले आणि तीन ते साडेतीन पंपाला मिळाले. बाकीचे धुराड्यावाटे व अंगच्या उष्णतेने गेले. मुलांनी फिरत्या पट्ट्यापासून व तापलेल्या धुराड्यापासून दूर उभे राहावे आणि यंत्र चालविण्याचे काम नेहमीच्या माणसाकडेच ठेवावे. दुसऱ्यांदा मोजताना तापमापकांची अदलाबदल करण्यास विसरू नये.